कोजागिरीची मैफल, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी

इंदुरात मराठी घरांकडून आरोग्यासाठी निधी उभा करायचा तर कोजागिरीसारखी रात्र नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी ती आणखी योग्य, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघू लागतात आणि तपासणी व्हायला हवी ती त्याआधी. नवराबायको दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचा दोष दोघांच्या जनुकांत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यातून शरीरात साठणारे लोह काढायला नियमित औषध लागते.

आधी आकडा ठरवा. ‘मुलांना मदत’ एवढ्यावर कुणी खिशात हात घालत नाही. किती मुलांचे, किती महिन्यांचे औषध, हे रुग्णालयाकडून लेखी घ्या आणि तोच आकडा तिकिटावर छापा. मंडप, ध्वनी, कलाकार आणि दूध यांचा खर्च प्रायोजकांकडून आधीच गोळा करा. तो जमला नसेल तर मैफल लहान करा, तिकिटाच्या पैशाला हात लावू नका.

तिकीटविक्री गणपतीत सुरू करा, मराठी घरे तेव्हा आपसूक एकत्र येतात. फक्त अनंत चतुर्दशीची रात्र सोडा, झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या गर्दीत तिकिटाचे कुणी ऐकत नाही. तिकीट आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. देणगीदाराचा पॅन जागेवरच लिहून घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही, हे टेबलावर पाटी लावून सांगा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगांचे पैसे विदेशी देणगीची नोंदणी नसेल तर घेऊच नका.

उघड्या मैदानावर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावे लागतात, म्हणून गाणे ६.३० ला सुरू करा. सत्कार सगळे मिळून १० मिनिटे. इथेच बहुतेक कार्यक्रम घसरतात: पाहुण्यांची भाषणे लांबतात, आवाहन शेवटी ढकलले जाते आणि तोवर लोक चपला शोधत असतात. आवाहन शेवटच्या गाण्याच्या आधी, चार मिनिटांत, एकाच माणसाने करावे. आजारी मुलांना मंचावर आणू नका. त्यांच्या आईवडिलांना दयेची नव्हे, औषधाची गरज आहे.

क्यूआर कोड प्रत्येक रांगेत हवा. आदल्या दिवशी एक रुपया पाठवून पडद्यावर संस्थेचेच नाव येते ना ते पाहा. गर्दीत नेटवर्क बसते, तेव्हा संकल्पपत्र आणि पेन हाताशी असू द्या आणि त्या लोकांना आठवड्याच्या आत फोन करा.

तपासणीचा कक्ष दूधवाटपापासून दूर, पडदा लावून ठेवा. रक्त घेणारा माणूस प्रयोगशाळेचाच असावा. दोन-तीन मिलिलीटर रक्त पुरते, उपाशीपोटी यावे लागत नाही. एचबी-ए२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार, तो साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेला की वाहक असण्याची शंका येते, पण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो. अलीकडे रक्त चढवलेल्यांचीही तपासणी फसवी ठरते. हे दोन्ही प्रश्न अर्जातच विचारा. अहवाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात. लग्नाच्या मुलीचा अहवाल मावशी-काकूंच्या गप्पांत गेला तर पुढच्या वर्षी कक्षात कुणी पाऊल ठेवणार नाही. वाहक म्हणजे आजारी नव्हे, आणि जोडीदार वाहक नसेल तर मुलाला मेजर होत नाही, हे समजावणारा डॉक्टर अहवाल देताना हजर हवाच.

दुधाचा हिशेब असा: ३०० माणसे, प्रत्येकी १५० मिलिलीटर म्हणजे ४५ लिटर. आटवताना पाव भाग जातो, म्हणून ६० लिटर घ्या. साखर दूध आटल्यावरच घाला, आधी घातली तर तळाला लागते. केशर आणि जायफळ अगदी शेवटी. पेले स्टीलचे, भाड्याने आणलेले. प्लास्टिकचे पेले या शहराच्या स्वच्छतेला शोभत नाहीत. १० नंतर ध्वनिवर्धक बंद झाले की दूध वाटा, चंद्र तोवर चांगला वर आलेला असतो.

पेटीतली रक्कम त्याच रात्री दोघांनी मोजून दोघांच्या सहीने लिहावी. १५ दिवसांत जमा, खर्च आणि रुग्णालयाची पावती प्रत्येक तिकीटधारकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.