बरणी उकळली, तरी लोणच्याला बुरशी? या चुका टाळा

कैऱ्या उतरल्या की आमच्या लातुरात माळ्यावरच्या बरण्या खाली येतात. काचेची बरणी निर्जंतुक करायला कुकर लागत नाही, मोठं भगोनं पुरतं. बिघडतं ते उकळताना कमी, नंतर जास्त.

माझंच सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बरणी छान उकळली, ओट्यावरच्या फडक्यानं आतून पुसली अन् लगेच लोणचं भरलं. पंधरा दिवसांत वर पांढरी बुरशी. दिवसभर ओट्यावर फिरलेलं फडकं ते! उकळून जे कमावलं, ते मीच पुसून टाकलं होतं. आता बरणी पुसतच नाही. धुतलेल्या कोरड्या कापडावर पालथी घालते, निथळली की सरळ करून तोंडाला मलमल बांधून उन्हात ठेवते. आटे बोटानं नाही, डोळ्यानं तपासा. शेवटचा थेंब तिथंच दडतो.

बरणी तडकते ती घाईनं. गार काच उकळत्या पाण्यात सोडू नका. तळाशी कापडाची घडी, त्यावर बरणी, गार पाणी तिच्यावर दोन बोटं येईल इतकं, मग गॅस. वेळ मोजायची ती खळखळून उकळी फुटल्यावर. नेहमी १० मिनिटं सांगतात. पण लातूर सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून १२ मिनिटं धरा.

काचेवर पांढरट थर आला तर घाबरू नका. ते बोअरच्या पाण्यातले क्षार. भगोन्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं की थर धरत नाही.

गंजलेलं झाकण सरळ फेकून द्या. चिनी मातीची बरणी उकळू नये, लुकणाला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, बारीक चिरा पडतात. गरम पाण्यानं धुऊन कडक ऊन दाखवा. हिंगाची धुरी वासासाठी जरूर द्या, पण ती धुण्याऐवजी नव्हे.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: बरणी उकळली म्हणजे आत काहीही टिकतं. बोटुलिझम म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा. तिच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक, सुप्त रूपं, साध्या उकळीनं मरत नाहीत. कैरी-लिंबाच्या लोणच्यात आंबटपणा त्यांना वाढू देत नाही. तेलात बुडवलेल्या नुसत्या लसणाला तो आधार नाही. तसला लसूण मी फ्रिजमध्येच ठेवते अन् चार दिवसांत संपवते.