सर्व्हरच्या डिस्कला कायमचं नाव कसं द्यावं

लिनक्समध्ये 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं डिस्कशी बांधलेली नसतात. बूट होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी डिस्क आधी सापडते तिला पहिलं अक्षर मिळतं. नवी डिस्क लावली, कंट्रोलर बदलला किंवा नुसतं रीबूट केलं तरी क्रम फिरू शकतो, आणि मग फॉरमॅटची कमांड भलत्याच डेटावर चालते. म्हणून ही नावं कॉन्फिगरेशनमध्ये लिहूच नयेत.

पक्की नावं यूडेव्ह, म्हणजे डिव्हाइसांची नावं सांभाळणारा लिनक्सचा भाग, आधीच तयार करून ठेवतो. '/डेव्ह/डिस्क' डिरेक्टरीत पाहा. 'बाय-आयडी'मध्ये बहुधा मॉडेल आणि सिरियल नंबर दिसतो, 'बाय-पाथ'मध्ये डिस्क कोणत्या पोर्टला आहे ते कळतं, तर 'बाय-यूयूआयडी' ही डिस्कची नव्हे, तिच्यावरच्या फाइलसिस्टिमची ओळख असते. हा फरक महत्त्वाचा आहे. पुन्हा फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो, आणि 'डीडी' या कॉपी करायच्या कमांडने हुबेहूब नक्कल केली तर दोन डिस्कवर एकच यूयूआयडी येतो. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम तर पहिली प्रत माउंट (वापरासाठी जोडलेली) असताना अशी दुसरी प्रत माउंट करायला सरळ नकार देते.

नेहमीच्या डेटा डिस्कसाठी यूयूआयडीच वापरा. 'एलएसबीएलके -एफ' चालवून तो कॉपी करा, बूट होताना काय कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलची प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइलमध्ये अशी ओळ घाला:

यूयूआयडी=<कॉपी केलेला यूयूआयडी> /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

यातलं 'नोफेल' विसरू नका. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) साधारण ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जातो. मग दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) शिरता येत नाही. कमांड अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायच्या.

आता 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड', मग 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय', मग 'माउंट -ए'. तिन्ही एरर न देता पार पडल्यावरच रीबूट करा.

झेडएफएस या फाइलसिस्टिमचा पूल (एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) असेल तर एफएसटॅबला हात लावायची गरज नाही. त्यावरच्या सेवा थांबवून पूल एक्स्पोर्ट करा आणि 'झेडपूल इम्पोर्ट -डी /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' यापुढे पूलचं नाव देऊन परत आणा. 'झेडपूल स्टेटस'मध्ये आता डिस्क बहुधा सिरियल नंबरनिशी दिसतील. तेच नंबर प्रत्येक ट्रेच्या दर्शनी बाजूला स्टिकरवर लिहा. डिस्क खराब झाली की स्टेटसमधला नंबर आणि स्टिकर जुळवा, मगच ट्रे ओढा.