प्रायमरीत पक्षाचा पैसा कुणाकडे वळतोय, ते कसं तपासायचं

अमेरिकेत एकाच पक्षाचे दोन-चार उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरवणाऱ्या लढतीत भिडतात, तेव्हा पक्षाने तटस्थ राहावं अशी अपेक्षा असते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या घटनेत तर राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षाने सर्व उमेदवारांशी समान वागावं, असं कलमच आहे. पण लढत चालू असतानाच पक्ष एखाद्या उमेदवारासोबत मिळून निधी गोळा करू शकतो, आणि ते कायदेशीर आहे. म्हणून भाषणं बाजूला ठेवून हिशेब बघायचा. तो केंद्रीय निवडणूक आयोगाच्या, म्हणजे एफईसीच्या साइटवर फुकट मिळतो.

देणगी द्यायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तरच देता येते. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर एक डॉलरही नाही, मग कर कितीही भरत असा. दुसऱ्याच्या नावाने देणं आणि नंतर त्याला पैसे परत करणं हा गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले दिनेश डिसूझा २०१४ मध्ये याच प्रकरणी दोषी ठरले. रक्कम होती २०,००० डॉलर.

आता मूळ यंत्रणा. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला उमेदवाराला प्रायमरीसाठी ३,५०० आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळे ३,५०० डॉलर देता येतात. पक्षाच्या राष्ट्रीय समितीला वर्षाला ४४,३००, राज्य पक्षाला, म्हणजे पक्षाच्या त्या राज्यातल्या शाखेला, १०,०००. जॉइंट फंडरेझिंग कमिटी, म्हणजे उमेदवार आणि पक्षाचा संयुक्त निधी, हे सगळे कप्पे एकत्र करते आणि एकच मोठा चेक घेते. एकूण देणग्यांवरची मर्यादा सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मॅकचियन खटल्यात उठवली, तेव्हापासून हे चेक फुगले. २०१६ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स समोरासमोर होते. क्लिंटन आणि पक्षाच्या संयुक्त निधीचं, म्हणजे हिलरी व्हिक्टरी फंडाचं गणित असं होतं: मोहिमेला २,७००, राष्ट्रीय समितीला ३३,४००, ३२ राज्य पक्षांना प्रत्येकी १०,०००. बेरीज ३,५६,१०० डॉलर.

तपासणीची सुरुवात वाटपाच्या सूत्रापासून करा. देणगीच्या पानावर ते छापणं बंधनकारक आहे, बहुधा तळाशी बारीक अक्षरांत असतं. त्यात रकमांपेक्षा क्रम महत्त्वाचा. पहिला वाटा उमेदवाराचा असेल, तर पंचवीस-पन्नास डॉलरवाल्यांचा सगळा पैसा त्याच्याकडेच जातो. पक्षाला मिळतो तो फक्त बड्या देणगीदारांचा वरचा भाग. २०२४ च्या मार्चमध्ये ट्रम्प आणि रिपब्लिकन राष्ट्रीय समितीच्या संयुक्त निधीत आधी ६,६०० मोहिमेला, मग ५,००० सेव्ह अमेरिका या ट्रम्प यांच्याच पीएसीला (राजकीय निधी समितीला) आणि त्यानंतर पक्षाला असा क्रम होता. प्रायमरीतल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली तोवर बाहेर पडल्या होत्या, तरी सूत्र कसं वाचायचं याचा हा चांगला नमुना आहे.

मग एफईसीच्या साइटवर कमिटीचं नाव टाका. सी आणि त्यापुढे आठ अंक असा तिचा क्रमांक मिळेल, तो लिहून ठेवा, कारण एकसारख्या नावाच्या कमिट्या ढीगभर असतात. तिचा फॉर्म ३एक्स, म्हणजे जमाखर्चाचा अहवाल, उघडा. जमा किती झाले ही वरची ओळ बातमीसाठी ठीक. तुम्ही २२ क्रमांकाच्या ओळीवर जा. संलग्न आणि पक्षीय समित्यांकडे गेलेला पैसा तिथे दिसतो. तपशील शेड्यूल बी या खर्चाच्या यादीत असतो. तो स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या आणि कुणाला किती गेले याची बेरीज करा.

इथे थांबलात तर फसाल. राज्य पक्षाला पैसे मिळाले म्हणजे ते तिथेच राहिले असं नाही. त्या राज्य पक्षाचा स्वतःचा फॉर्म ३एक्स उघडा, १२ क्रमांकाच्या ओळीत आलेली रक्कम बघा आणि मग त्याच तारखेच्या आसपास २२ व्या ओळीतून राष्ट्रीय समितीकडे तेवढीच रक्कम गेली का ते शोधा. पक्षाच्या समित्यांमधल्या अशा हस्तांतरणाला मर्यादा नाही, म्हणून राज्य पक्ष नुसता नळ होऊन बसतो. पॉलिटिको या वृत्तसंस्थेने मे २०१६ मध्ये हेच जुळवून पाहिलं: हिलरी व्हिक्टरी फंडाच्या ६ कोटी १० लाख डॉलरपैकी राज्यांकडे एक टक्काही उरला नव्हता. राज्यांना पाठवलेल्या सुमारे ३८ लाखांपैकी ३३ लाख बहुधा एक-दोन दिवसांतच राष्ट्रीय समितीकडे गेले होते. क्लिंटन मोहिमेचं म्हणणं होतं की पैसा नोव्हेंबरच्या लढतीसाठी राखला जातोय. ते पटण्यासारखं आहे की नाही हे तुम्ही ठरवा. पण तारखा जुळवल्याशिवाय हा वाद घालूच नये.

खर्चाची २१(बी) ही ओळही वगळू नका. संयुक्त निधी ऑनलाइन जाहिराती आणि टपालावर खर्च करतो, आणि त्यांतून छोट्या देणगीदारांची यादी उमेदवाराच्या हाती लागते. सँडर्स मोहिमेच्या वकिलाने एप्रिल २०१६ मध्ये पक्षाला लिहिलेल्या पत्रात याच खर्चावर बोट ठेवलं होतं.

बेरजेत एक नेहमीची चूक होते. उमेदवाराच्या अहवालात संयुक्त निधीतून आलेली रक्कम एकदा हस्तांतरण म्हणून येते आणि मूळ देणगीदारांची नावं मेमो नोंदी म्हणून, म्हणजे फक्त माहितीसाठी, पुन्हा येतात. मेमोची खूण असलेल्या ओळी गाळल्या नाहीत तर आकडा दुप्पट होतो. दुसरी अडचण वेळेची. तिमाही अहवाल देणाऱ्या कमिटीचा जानेवारी ते मार्चचा हिशेब १५ एप्रिलला येतो, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी मतदान होणारा मार्चच्या सुरुवातीचा सुपर ट्यूसडे होऊन गेल्यावर. मासिक अहवाल देणाऱ्या राष्ट्रीय समितीचा हिशेब पुढच्या महिन्याच्या २० तारखेला येतो, म्हणून मधल्या काळात तोच बघत राहा.

हिशेबात न दिसणारी गोष्ट म्हणजे पक्ष आणि उमेदवारातला संयुक्त निधीचा करार. तो लेखी असावा लागतो, पण एफईसीकडे दाखल करावा लागत नाही. ऑगस्ट २०१५ च्या एका मेमोत क्लिंटन मोहिमेला पक्षाच्या नेमणुकांमध्ये आणि रणनीतीत म्हणणं मांडण्याचा अधिकार दिलेला होता. तो लोकांसमोर आला नोव्हेंबर २०१७ मध्ये. सँडर्स यांनीही पक्षाशी संयुक्त निधीचा करार केला होता, पण तो जवळपास वापरलाच नाही. तेव्हा दोघांशी करार होता एवढ्यावर समाधान मानू नका.

तुमचा पैसा नेमका एकालाच जावा असं वाटत असेल तर संयुक्त पान टाळा, थेट उमेदवाराच्या किंवा राज्य पक्षाच्या पानावर द्या. संयुक्त पानावरही देणगी कुणासाठी हे लिहून देण्याचा हक्क तुम्हाला आहे. दरमहा कापण्याची चौकट आधीच टिचकी मारलेली नाही ना, तेही बघा.

नियम मोडल्याचं दिसलं तर एफईसीकडे तक्रार करता येते: नाव-पत्ता, सही, शपथ आणि नोटरी हवी, सोबत व्यवहारांच्या तारखा जोडा. पक्षपाताची तक्रार मात्र तिथे चालत नाही. न्यायालयातही अवघड आहे. २०१६ चा याबाबतचा दावा २०१७ मध्ये फेटाळला गेला, तोही देणगीदारांना दावा करण्याचा अधिकारच सिद्ध करता आला नाही म्हणून. पक्षपाताच्या तक्रारीसाठी तुमच्या राज्यातून राष्ट्रीय समितीवर निवडून गेलेल्या सदस्यांना गाठा आणि स्प्रेडशीट त्यांच्या हातात द्या.