सिमेंटचं पोतं दूर ठेवा: फ्रान्समधलं दगडी घर दुरुस्त करताना

आम्ही तुलूझला राहतो. सुट्टीसाठी लोत जिल्ह्यातल्या एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलं. खाली जनावरांची आणि वाइनच्या पिंपांची खोली, बाहेरून दगडी जिना, जिन्याच्या माथ्यावर छपराखालचा ओटा. त्या ओट्याला तिकडे 'बोले' म्हणतात. तो पाहूनच माझा जीव जडला. अशा घराचं काम कुठून सुरू करायचं, असं ओळखीचे लोक विचारतात. मी सांगते: आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंती. स्वयंपाकघराच्या फरशा सगळ्यात शेवटी.

आमच्या उत्तरेच्या भिंतीला आधीच्या मालकांनी बाहेरून सिमेंट थापलं होतं. आतून पोपडे सुटत होते, भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे बुरशी धरत होती. या भिंती साठेक सेंटिमीटर जाड असतात. दोन्ही अंगांना दगड, मधे माती आणि खडीचा भराव. जमिनीतली ओल त्यात चढते आणि चुन्याच्या किंवा मातीच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग पाणी दगडातून बाहेर पडू बघतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणून सिमेंट काढा. आतून प्लास्टिक पेंटही नको.

दर्जा भरणं घरच्या माणसांना जमतं, फक्त घाई करू नका. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. पाच अंशांखाली चुना धरत नाही, कडक उन्हात तो नुसता वाळतो आणि भुगा होतो. छिन्नी-हातोडीने दोन-तीन सेंटिमीटर खोल कोरा, ब्रशने धूळ काढा. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. पोत्यावर 'एनएचएल 3.5' लिहिलेला चुना (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) एक घमेलं, वाळू अडीच ते तीन घमेली. दगड मऊ असेल तर 'एनएचएल 2' घ्या. दर्जेचा रंग वाळूवर ठरतो, म्हणून जवळच्या खाणीतली पिवळसर वाळू आणा. मिश्रण थापीवर उभं राहील इतकंच ओलं हवं. दाबून भरा आणि सोडून द्या. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबल्यावर ठसा उमटला नाही, की ताठ ब्रशने वरचा थर खरवडा. वाळूचे कण उघडे पडतात आणि दगडाची कड दिसते. तो क्षण मला फार आवडतो. वाईच्या आजोळच्या वाड्यात हाताला लागायचा तोच खरखरीतपणा. हातमोजे आणि चष्मा मात्र हवेतच, चुना डोळा जाळतो.

ओकच्या तुळया किड्यांनी पोखरलेल्या दिसल्या तरी लगेच काढायला लावू नका. पेचकस खुपसून बघा. बाहेरचा पांढरा थर भुसभुशीत असतो, आतला गाभा बहुधा टणक निघतो. भिंतीत शिरलेलं टोक मात्र नीट तपासा, कुजायला सुरुवात तिथूनच होते.

खिडकी, दार, कौलं, बाहेरून दिसणारं काहीही बदलायचं असेल तर गावच्या मेरीत, म्हणजे पालिकेच्या कचेरीत, आधी अर्ज द्या. एरवी महिना लागतो. जवळ संरक्षित वास्तू असली तर सरकारी वास्तुरचनाकाराचं मत घ्यावं लागतं, मग दोन महिने धरा. खिडक्यांचा रंगसुद्धा तिथेच विचारा. आम्ही विचारला, म्हणून पुन्हा रंगवायची वेळ आली नाही.

कारागीर गावातलेच बघा, पण ऑगस्टमध्ये कुणी मिळत नाही. लेखी अंदाजपत्रक घ्या आणि दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा कागद मागा. सामान त्यांच्याच बिलात येऊ द्या. घर दोन वर्षांहून जुनं असेल तर दुरुस्तीवर साधारणपणे 20 ऐवजी 10 टक्के कर पडतो, पण तुम्ही स्वतः आणलेल्या सामानावर ती सवलत नाही. मैल्याची टाकी असेल तर तिचा तपासणी अहवाल खरेदीआधीच वाचा. ती नियमात बसत नसेल, तर दुरुस्ती विकत घेणाऱ्याला एका वर्षात करावी लागते.

आणि हिवाळ्यासाठी घर बंद करताना मीटरपाशी पाणी तोडा, सगळे नळ उघडे ठेवा, पाणी तापवायची टाकी रिकामी करा. पहिल्या वर्षी आमचा एक नळ राहून गेला. फेब्रुवारीत आलो तेव्हा खालच्या खोलीत पाइप फुटलेला होता आणि नुकत्याच भरलेल्या दर्जा पाण्याने धुऊन निघाल्या होत्या. तेवढी भिंत वसंतात पुन्हा भरली.