ट्यूबवर 50, चेहऱ्यावर किती? सनस्क्रीनच्या या चुका टाळा

फेब्रुवारीत उघडलेली 50 ग्रॅमची सनस्क्रीनची ट्यूब मला जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पुरली. वर मी ते कौतुकाने सांगतही होते. रोज नाशिकमध्ये इंदिरानगरहून सातपूरला स्कूटीवर जायचं, रोज न चुकता सनस्क्रीन लावायचं, आणि तरी कपाळ काळवंडलेलं, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची गोरी खूण. कंपनीला नावं ठेवून झाली. मग एका रविवारी हिशेब मांडला. 50 ग्रॅम भागिले साधारण 120 दिवस, म्हणजे दिवसाला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्यात चेहरा, मान आणि दोन्ही हात! सासूबाई पोळीला तूप लावतात तेही याहून सढळ हाताने.

ट्यूबवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत ठरतो, तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम असा चांगला जाड थर लावलेला असतो. उघडी त्वचा लाल व्हायला जेवढे अतिनील किरण लागतात, त्याच्या किती पट किरण थर लावलेल्या त्वचेला लागले, ते मोजायचं. 30 पट लागले तर एसपीएफ 30. थर अर्धा केला की संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. म्हणजे ट्यूबवरचा 50 हा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या चेहऱ्यावरचा नसतो.

माप सोपं आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची. एवढं फक्त चेहरा आणि मानेला. एकदम लावलं तर पांढरं दिसतं, म्हणून एका बोटाचं आधी, ते जिरलं की दुसऱ्याचं. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. अंबाडा घालणाऱ्यांनी तर नाहीच. या मापाने दिवसातून एकदाच लावलं, तरी 50 ग्रॅम महिना-दीड महिन्यात संपायला हवं. तुमची ट्यूब त्याहून खूप जास्त पुरत असेल, तर गडबड कुठे आहे ते कळलंच.

30 की 50?

नीट लावलं तर एसपीएफ 15 लाल करणारे किरण सुमारे 93 टक्के अडवतं, 30 सुमारे 97 आणि 50 सुमारे 98 टक्के. 30 वरून 50 वर गेलं म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही, आणि 100 टक्के तर कुठलंच अडवत नाही. हात आखडता घेणाऱ्याला 50 बरं, एवढं खरं. पण महागडं 50 चिमटीने लावण्यापेक्षा परवडणारं 30 भरपूर लावलेलं मला कधीही पटतं. क्रीममध्ये 15 आणि वरून 30 म्हणजे 45, अशी बेरीजही होत नाही.

दुसरा चुकीचा हिशेब मिनिटांच्या गुणाकाराचा. “मी दहा मिनिटांत लाल होते, म्हणजे 30 लावून 300 मिनिटं निर्धास्त.” सकाळी आठची 10 मिनिटं आणि दुपारची 10 मिनिटं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे सूर्य घड्याळात 12 वाजता नव्हे, साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर असतो. मे महिन्याच्या विशीत तर नाशिकला तो थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. त्यात घाम येतो, रुमाल फिरतो. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, मग आकडा कुठलाही असो. पाण्यात टिकणारं म्हणून जे विकतात, तेही पाण्यात किंवा घामात 40 किंवा 80 मिनिटांपुरतंच तपासलेलं असतं. किती, ते ट्यूबवर बघा.

काळवंडण्याचं काय?

आपली तक्रार क्वचितच लाल होण्याची असते, आणि एसपीएफ मुख्यतः लाल करणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो. काळवंडण्यात आणि सुरकुत्यांत यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांचा मोठा हात असतो. त्यासाठी ट्यूबवर एसपीएफच्या शेजारी पीए ही अक्षरं आणि पुढची अधिकची (+) चिन्हं बघायची. ही पद्धत जपानची. एक चिन्ह सर्वांत कमी, चार सर्वांत जास्त. हे किरण साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात. मुंबईला जाताना बसच्या खिडकीशी बसून उन्हाकडचा हात भाजत नाही, काळा मात्र होतो, तो यामुळे. वांग असेल तर नुसत्या प्रकाशानेही ते गडद होऊ शकतं; तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी. तरी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आता स्कूटीवाल्यांची खास चूक. सनस्क्रीन चोपडून लगेच स्कार्फ आवळायचा. ऑफिसला पोचून स्कार्फ सोडला की अर्धंअधिक त्यालाच लागलेलं, आणि दुपारी चहाच्या टपरीवर उभं राहताना गाल जवळपास कोरे. लावल्यावर पंधरा मिनिटं थांबा, आणि दुपारी बाहेर पडण्याआधी पुन्हा लावा. गोळे सुटत असतील तर खालचं मॉइश्चरायझर वाळलेलं नाही, असं समजा. आणि ट्यूब डिकीत ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात डिकी नुसती भट्टी होते, क्रीम फुटून पाणी वेगळं होतं.

थंडीतली गफलत वेगळीच. जानेवारीत वारा गार असतो म्हणून कोणी लावत नाही. पण ऊब आणि अतिनील किरण या दोन गोष्टी. किरण मेपेक्षा कमी असले तरी भर दुपारी असतातच. त्याच दिवसांत दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या बायका बघा: साडीवर फुल बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला रुमाल. घट्ट विणीचं कापड घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी आठवणही करून द्यावी लागत नाही. हातांसाठी मी आता सनकोटच घालते; सनस्क्रीन चेहरा, मान आणि तळहाताच्या मागच्या बाजूला.

नव्या ट्यूबवर उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवली होती. सदतिसाव्या दिवशी ती कात्रीने मधोमध कापली आणि आतलं निपटून काढलं. दोन बोटांचं माप काही भरलं नाही, म्हणून संध्याकाळी नवी आणली.