जुन्या बाजारात मिळालेले मातीचे भांडे खरोखर जुने आहे का, हे कसे पाहावे

जुन्या बाजारात एखादे भांडे आवडले, की ते हातात घेऊन आधी उलटे करावे. नक्षी, रंग, गळ्यापाशी बसलेली धूळ हे सगळे नंतर पाहता येते. भांड्याला जुनेपण आणू पाहणारा माणूस आपले कसब पोटावर आणि काठावर, म्हणजे गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा जाते तिथे खर्च करतो. बूड मात्र वर्षानुवर्षे जमिनीवर घासलेले असते आणि ती झीज घाईघाईने हुबेहूब आणणे अवघड असते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात काय किंवा एखाद्या भंगाराच्या दुकानात काय, विक्रेता घाई करत असला तरी भांडे उजेडाकडे धरून बुडाची कडी, म्हणजे जमिनीला टेकणारी गोल किनार, सावकाश न्याहाळायला दोन मिनिटे पुरतात.

खरी झीज कशी दिसते, हे मी आमच्या घरातल्या लोणच्याच्या बरणीवरून शिकलो. वर तपकिरी आणि खाली पांढरट, अशी ती नेहमीची दुरंगी बरणी आहे. भरलेली बरणी उचलणे आजीला झेपत नसे, म्हणून ती बरणी एका अंगावर कलती करून शहाबादी फरशीवरून गोल फिरवत कोपऱ्यातून बाहेर आणत असे. त्यामुळे बुडाची कडी एका बाजूला जास्त झिजली आहे; तिथे बोट फिरवले तर ती गुळगुळीत लागते, भिंगातून पाहिले तर बारीक ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले दिसतात, आणि मातीतल्या सूक्ष्म छिद्रांत मळ मुरलेला दिसतो. फरशीला कधीच न टेकणारा बुडाचा मधला खोलगट भाग मात्र जवळजवळ कोरा आहे. दादऱ्याची, म्हणजे बरणीच्या तोंडावरच्या फडक्याची, दोरी बांधायच्या खाचेत तेलकट काळा थर बसला आहे आणि तो साबणाच्या एका हाताने निघत नाही. याउलट पॉलिश पेपरने घासून आणलेल्या झिजेत ओरखडे एकमेकांना समांतर आणि सारख्या खोलीचे असतात, आणि बहुतेक वेळा खोलगट भागातही असतात. जिथे जमीन पोचू शकत नाही तिथे झीज दिसली, तर ती हाताने केलेली आहे असे समजावे.

अशी बरणी आजही उत्तर प्रदेशातील खुर्जासारख्या ठिकाणी तयार होते, त्यामुळे केवळ दुरंगी घडणीवरून वय ठरत नाही. या कामात एकच खूण भांडे नवे असल्याचे सिद्ध करू शकते, पण ते जुने असल्याचे कोणतीही एकटी खूण सिद्ध करत नाही. झीज, घडण, माती, शिक्का आणि वापराच्या खुणा यांनी एकमेकींशी जुळणारी गोष्ट सांगितली पाहिजे. एक जरी खूण विरोधात गेली, तर बाकीच्या चार कितीही मनाजोगत्या असल्या तरी थांबावे.

तपासणीपूर्वी माती कोणत्या जातीची आहे हे ठरवावे लागते, कारण तिच्यावर पुढचे सारे अवलंबून असते. कुंभाराच्या आव्यात भाजलेले तांबडे किंवा काळे मडके साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजले जाते आणि सच्छिद्र राहते. बुडावर टाकलेला पाण्याचा थेंब ते पिऊन टाकते. बरणीची घट्ट माती १२०० अंशांच्या आसपास भाजते आणि झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसलेल्या जागीही फारसे पाणी शोषत नाही. अस्सल चिनी माती त्याहून जास्त तापमानाला भाजलेली असते, पांढरी असते, आणि तिचा पातळ भाग दिव्यासमोर धरला तर त्यातून उजेड जाणवतो. सच्छिद्र मडके मळ, मीठ आणि ओल आत ओढून घेते. फसगत सर्वांत जास्त होते ती याच मडक्यांबाबत.

माझीही झाली आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील पंचगंगेच्या महापुरानंतर काही महिन्यांनी रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून मी एक लहान मडके घेतले. ते ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, म्हणजे कोल्हापुरात सातवाहन काळाचे अवशेष मिळालेल्या जागी, सापडल्याचे मला सांगण्यात आले होते. अंगावर राखाडी चिखलाचा कडक थर होता, गळ्याशी पांढरा लोणा फुटला होता, आणि ब्रह्मपुरीचे नाव ऐकून माझे मन अर्धे जिंकले गेलेच होते. घरी ते रात्रभर साध्या पाण्यात ठेवले. सकाळी चिखल बादलीच्या तळाशी बसला होता आणि मडक्यावर ताजी तांबडी काव दिसत होती. बुडावर दोऱ्याने चाकावरून कापल्याच्या शिंपल्यासारख्या वक्र रेषा होत्या, आणि त्यांच्या कडा नखाला टोचण्याइतक्या तीक्ष्ण होत्या, म्हणजे मडके जमिनीवर फारसे सरकलेलेच नव्हते. कुंभार गल्लीतील एका वयस्क कारागिराला ते दाखवले, तेव्हा त्यांनी आत बोट फिरवले आणि ते दोन-चार वर्षांपूर्वीचे असल्याचे शांतपणे सांगितले. विक्रेत्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही, कारण पुराच्या पाण्यात बुडालेली वस्तू पाहणाऱ्याला उकरून काढल्यासारखीच वाटते. पण आपल्या शहरात २००५, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर येऊन गेले आहेत, त्यामुळे चिखल आणि लोणा या दोन खुणांना कोल्हापुरात पुरावा म्हणून अजिबात वजन देऊ नये. लोणा म्हणजे ओलीबरोबर मातीत शिरलेले क्षार पाणी सुकताना पृष्ठभागावर येणे, आणि त्याला शतक लागत नाही, एक पावसाळाही पुरतो.

दीर्घकाळ पुरलेल्या भांड्यावर चुनखडीचा दगडासारखा थर बसलेला असू शकतो, मुळांनी सोडलेल्या फांद्यांसारख्या बारीक रेषा असू शकतात, आणि जुन्या फुटीच्या कडांवरही तोच थर असतो. अंग मळलेले आणि फुटलेली कड मात्र स्वच्छ, तांबडी असेल, तर फूट अलीकडची आहे एवढे नक्की. आतील बाजू हाताने चाचपावी. लाकडी थापी बाहेरून मारत आणि आतून दगडी गोळ्याचा आधार देत वाढवलेल्या मडक्यात उथळ खळग्यांची रांग लागते. चाकावर ओढलेल्या भागात बोटांच्या आडव्या वळ्या लागतात. या दोन्ही रीती आजही चालू आहेत, म्हणून त्यांच्यावरून वय कळत नाही. मात्र अंगावर उभी साच्याची सांध असेल आणि बाहेरचा उंचवटा आतून तसाच खोलगट असेल, तर ते पातळ केलेली माती साच्यात ओतून घडवले आहे, आणि ते प्राचीन असल्याचा दावा तिथेच संपतो.

खरोखरच जमिनीतून निघालेली वस्तू समोर आली तर ती विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. १८७८ च्या भूमिगत धनाविषयीच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण माझे कारण कायद्यापलीकडचे आहे. ब्रह्मपुरीवर डेक्कन कॉलेजने १९४५-४६ मध्ये उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळाचे आणि बहमनी काळाचे अवशेष थराथराने वेगळे करता आले. कोणते खापर कोणत्या नाण्याशेजारी मिळाले यावरून त्याचे वय बोलू लागले. तेच खापर कोणी रात्री उकरून पोत्यात भरले, तर त्याचे वय सांगणारी जागा कायमची नष्ट होते. ज्यांना सातवाहनकालीन कोल्हापूर पाहायचे आहे त्यांनी टाऊन हॉलमधील संग्रहालयात जावे. ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची प्रसिद्ध कांस्यमूर्ती तिथे आहे, आणि मातीच्या वस्तूंसमोर थोडा वेळ उभे राहिले तर पुढे बाजारात डोळा पुष्कळ मदत करतो.

वाड्यांच्या सामानातून निघणाऱ्या विलायती बशा आणि ताटे यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांच्या पाठीवर शिक्का असतो आणि तो निदान ‘याच्या आधीचे नाही’ एवढे सांगतो. इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीकृत नक्षीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण असे. १८८४ पासून तिची जागा नोंदणी क्रमांकाने घेतली. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून देशाचे नाव घालण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे नुसते ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातील असते. जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ साधारण १८९१ ते १९२१, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत आढळते. तरीही शिक्क्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण शिक्काही नंतर मारता येतो. तो झिलईखाली आहे की वर, हे नखाने आणि भिंगाने पाहावे; वर बसवलेला शिक्का नखाला किंचित उंच लागतो किंवा तिरप्या उजेडात वेगळा चमकतो.

नक्षीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते आणि ते स्वस्तात मिळते. नक्षी कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदाने उतरवलेल्या जुन्या छापात कोरीव रेषा आणि टिंबे दिसतात, आणि कागदाचे तुकडे जिथे जुळले तिथे वेल किंवा किनार किंचित तुटलेली असते. भिंगाखाली वर्तमानपत्रातील छायाचित्रासारखे रंगीत ठिपक्यांचे नियमित जाळे दिसले, तर छपाई आधुनिक आहे. ताटाच्या पाठीवर किंवा काठाखाली तीन बारीक टोचल्यासारख्या खुणा असतील तर त्या दोष मानू नयेत. भट्टीत ताटे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ठेवलेल्या टेकूंच्या त्या खुणा आहेत.

झिलईतील केसासारख्या चिरांवर लोक फार विश्वास ठेवतात, आणि माझ्या मते ही सर्वांत दुबळी खूण आहे. झिलई आणि खालची माती थंड होताना सारख्या आकसल्या नाहीत की चिरा पडतात. काही वेळा भट्टीतून काढतानाच पडतात, काही वेळा तापवून गार पाण्यात घालून मुद्दाम पाडतात आणि चहात बुडवून रंगवतात. खऱ्या वापराचा डाग असमान असतो, टवका उडालेल्या जागी गडद आणि इतरत्र फिका. सगळ्या चिरा एकाच तपकिरी रंगाच्या असतील तर शंका घ्यावी.

मडके वाजवून घेण्याची आपली रीत इथेही उपयोगी आहे, मात्र टणत्कारी किंवा बद्द आवाजावरून तडा कळतो, वय कळत नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात भांड्यावर फिरवला तर डागडुजीचा गोंद आणि नवा रंग पुष्कळदा आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो. व्हिनेगर, लिंबू किंवा ॲसिड लावून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्याने झिलई आणि रंग कायमचे बिघडू शकतात. जुन्या रंगीत झिलईत शिसे असू शकते, म्हणून अशा भांड्यात लोणचे, चिंच किंवा दही ठेवू नये.

फार मोलाची वस्तू असेल तरच प्रयोगशाळेतील तापदीप्ती चाचणीचा विचार करावा. मातीतील क्वार्ट्झचे कण नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा साठवतात. सुमारे ५०० अंशांवर तापले की तो साठा रिकामा होतो आणि पुन्हा शून्यापासून भरू लागतो. म्हणून ही चाचणी शेवटच्या भाजण्याचे वय सांगते, आणि भांडे घराला लागलेल्या आगीत सापडले असेल तर त्या आगीचे. तिच्यासाठी भांड्याला छिद्र पाडून थोडी भुकटी काढावी लागते, त्यामुळे पाचशे रुपयांच्या बरणीसाठी ती व्यर्थ आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, हे परदेशातील मुलांसाठी आजीची बरणी बांधून देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

भांडे घेतले तर त्याच दिवशी एक चिठ्ठी लिहून आत ठेवावी. विक्रेत्याने सांगितलेली हकीकत एका ओळीत, आपण स्वतः पाहिलेल्या खुणा दुसऱ्या ओळीत, आणि तारीख व किंमत खाली लिहावी. दोन्ही ओळी एकत्र करू नयेत. माझ्या त्या पुरातल्या मडक्यातील चिठ्ठीवर पहिल्या ओळीत ‘ब्रह्मपुरीचे, असे सांगितले’ आणि दुसऱ्या ओळीत ‘दोऱ्याची ताजी खूण, चिखल पाण्यात निघाला, काव नवी’ असे लिहिलेले आहे.