मॅग्नेशिअम सल्फेट करायला बसण्याआधी

चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी, आम्ल पाण्यात ओतायचं, उलट करायचं नाही. एवढं सगळ्यांना पाठ असतं, त्यावर वेळ घालवत नाही. सगळ्यात आधी बारीक पॉलिश पेपर घ्या. ठाण्याच्या नौपाड्यात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात सुट्ट्या पैशांत मिळतो, म्हणून तो यादीत लिहायलाच कोणाला सुचत नाही. आत्ता लिहा.

मॅग्नेशिअमची फीत डबीतून निघते तीच काळपट, वर ऑक्साइडचा थर घेऊन. मागच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या टेबलावर पॉलिश पेपर नव्हता. फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली तयार झालं की गुलाबी होणारा दर्शक) घातलेल्या गरम पाण्यात फीत नुसती पडून. शेजारच्या नळीत कॅल्शिअम बुडबुडे सोडत वरखाली करतंय. परीक्षक म्हणाले, मॅग्नेशिअमची अभिक्रिया होतच नाही वाटतं! होते हो. दोन्ही बाजू चकचकीत घासल्या की फितीभोवती गुलाबी रंग धरतो. एकच बाजू घासून पळवाट काढू नका.

सल्फेटसाठी फितीचं वजन घासल्यानंतर करा, आधी नाही. एक मोलर (लिटरमागे 98 ग्रॅम आम्ल) सल्फ्युरिक आम्लाच्या 50 मिलिलिटरला हिशेबाने 1.2 ग्रॅम मॅग्नेशिअम लागतं; तुम्ही 1.4 घ्या. धातू थोडा उरलाच पाहिजे, म्हणजे आम्ल संपलं याची खात्री. आम्ल शिल्लक राहिलं तर आटवताना ते तीव्र होत जातं आणि स्फटिकांचा चिकट चिखल होतो. तुकडे एकेक करून टाका, चंचुपात्र चांगलंच तापतं. हायड्रोजन निघत असतो, तेव्हा बर्नर बंद. पेटलेली काडीसुद्धा नको.

शेजारच्या नळीत पाण्यात टाकायचा कॅल्शिअमचा तुकडा मसूरडाळीएवढा, कोरड्या चिमट्याने. डबीत पांढरी पूडच उरली असेल तर ती टाकून दुसरी मागवा. आणि कॅल्शिअम सल्फ्युरिक आम्लात घालून "क्षार करू" म्हणू नका: कॅल्शिअम सल्फेट फारसं विरघळत नाही, धातूवर कवच धरतं आणि अभिक्रिया मध्येच थंडावते.

हायड्रोक्लोरिक आम्ल हाताशी आहे म्हणून क्लोराइड करायचा मोहही टाळा. मॅग्नेशिअम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. ठाण्यात जुलैत ते बशीत ठेवलं की सकाळी बशीत पाणीच. सल्फेट निदान टिकतं.

पाणी डिस्टिल्डच, बॅटरीचं चालेल, पेट्रोल पंपावर मिळतं. पॉलिश पेपर पिशवीत टाकलात ना? एक नाही, दोन टाका, पहिला मध्येच झिजतो.

आता पुढचं भराभर. उरलेला धातू गाळून घ्या. द्रावण मंद आचेवर आटवा, पूर्ण कोरडं करू नका, नाहीतर स्फटिकातलं पाणी उडून पांढरी भुकटी हाती येते. काचेची कांडी बुडवून बाहेर काढा, थंड होताना तिच्यावर कण दिसले की आच बंद. झाकून रात्रभर ठेवा. घाई असली तरी फ्रिज नको, त्यात सुईसारखे स्फटिक बारीक येतात, शिवाय घरचा फ्रिज खायच्या वस्तूंसाठी असतो. गाळा, फिल्टर पेपरात दाबून कोरडे करा, उन्हात नाही, भट्टीत तर नाहीच. सल्फेटची परीक्षा बेरिअम क्लोराइडने: पांढरा साका, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात न विरघळणारा. बेरिअम क्लोराइड विषारी आहे, उरलेलं मोरीत ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून प्रयोगशाळेत परत द्या. स्फटिक लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर नाव आणि तारीख.